आधी रीत, मग यंत्र



गळीत हंगाम संपतो, उसाचे बिल खात्यावर जमा होते, सोसायटीचे कर्ज वजा जाऊन हातात काय राहिले याचा हिशेब लागतो न लागतो तोच दहावी-बारावीचे निकाल येतात. मग गट ऑफिसच्या ओट्यावर, एस.टी. स्टँडवर, लग्नाच्या मांडवात एकच विषय. "पोराला कॉम्प्युटरला घालायचं म्हणतोय. कोणचा क्लास बरा? धाराशिवलाच ठेवावं, का सोलापूर-पुण्याला धाडावं?" फी किती, खोलीभाडे किती, पुढे नोकरी लागते का, हे सगळे विचारून होते. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तिथे शिकवतात कसे?

बेणे घेताना आपण असे वागतो का? बेणे कोणाच्या मळ्यातले, नऊ ते अकरा महिन्यांचे आहे का, डोळे शाबूत आहेत का, रोग-कीड तर नाही ना, असे दहा प्रश्न विचारल्याशिवाय आपण बेण्याच्या मोळीला हात लावीत नाही. एकरभर उसासाठी इतकी चौकशी, आणि लेकराच्या चार वर्षांसाठी नुसती पाटी वाचून प्रवेश, ही काही शहाणपणाची गोष्ट नव्हे. म्हणून आज आम्ही एवढ्या एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत. संगणकाचे पहिले धडे चांगले दिले म्हणजे नेमके काय केले, आणि ते आपण बाहेरून कसे ओळखावे?

वापरणे वेगळे, काम सांगणे वेगळे

आधी एक घोटाळा दूर करू. संगणक वापरणे आणि संगणकाला काम सांगणे या दोन निरनिराळ्या विद्या आहेत. २००१ सालापासून एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आपल्या राज्यात गावोगाव पोचला. त्यात अर्ज टाईप करणे, तक्ता करणे, इंटरनेट वापरणे हे शिकवतात. सरकारी नोकरीला त्याचा उपयोग होतो आणि त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पण तो झाला म्हणजे मूल 'कॉम्प्युटर शिकले' अशी पुष्कळांची समजूत होते. ते तेवढेच खरे, जेवढे ट्रॅक्टर चालवता आला म्हणजे ट्रॅक्टर बनवता आला हे खरे.

यंत्राला काम सांगणे म्हणजे प्रोग्रॅम लिहिणे. संगणक हा असा गडी समजा, की जो कधी थकत नाही, उलट उत्तर देत नाही, पण स्वतःचे डोकेही चालवीत नाही. आपल्या जुन्या गड्याला "उसाला पाणी दे" म्हटले की पुरे. सरी भरली की दारे मोडायचे, पाणी पुढच्या सरीला लावायचे, सऱ्या संपल्या की मोटार बंद करायची, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. संगणकाला यातली एकूण एक गोष्ट सांगावी लागते. "सरी भरली का बघ. भरली असेल तर पुढच्या सरीला पाणी लाव. सऱ्या संपेपर्यंत हेच कर. संपल्या की मोटार बंद कर." यातले शेवटचे वाक्य राहिले, तर पाणी शेजाऱ्याच्या रानात जाईल आणि विहीर आटेपर्यंत मोटार चालूच राहील. दोष गड्याचा नाही, सांगणाऱ्याचा.

असे नीट, क्रमवार, काही न गाळता सांगता येणे हाच या विद्येचा पाया. त्याला आपण रीत म्हणू. इंग्रजीत ती अल्गोरिदम म्हणून ओळखली जाते. संगणकाची भाषा ही रीत लिहून काढण्याची लिपी झाली. रीत मनात नसेल तर लिपी घोकून काय उपयोग?

नापास होणारा एकटा नसतो

सभासदांकडून आम्ही ऐकतो ते असे: मूल बारावीपर्यंत हुशार होते, पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंगच्या विषयात राहिले, घरी आले आणि म्हणाले, "आबा, माझं डोकंच नाही त्यात." आबांनाही ते खरे वाटते. एका हंगामाचे बिल गेले ते गेलेच, आणि पोराचा स्वतःवरचा विश्वासही गेला.

अशा घरांसाठी काही आकडे मुद्दाम देतो. २००१ साली मायकेल मॅक्क्रॅकेन यांच्या गटाने निरनिराळ्या देशांतील चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम या सर्वांचा झालेला होता. ११० पैकी सरासरी गुण पडले २३ च्या आत. २००७ साली डेन्मार्कचे बेनेडसेन आणि कॅस्परसन यांनी ६३ शिक्षणसंस्थांचे आकडे गोळा केले, तेव्हा या पहिल्या विषयात शंभरातले ३३ जण पार पडत नाहीत असे दिसले. २०१४ साली वॉटसन आणि ली यांनी १५ देशांतले १६१ अभ्यासक्रम तपासले आणि आकडा जवळजवळ तोच, म्हणजे ३२ निघाला. २०१९ साली पुन्हा मोजणी झाली, तेव्हा तो २८ होता.

म्हणजे श्रीमंत देशांत, घरोघर संगणक असलेल्या ठिकाणीही तीन-चारांतला एक जण या पहिल्या पायरीवर घसरतो. आपल्या मुलांना तर वर इंग्रजीचे ओझे. एका वेळी दोन परक्या भाषा शिकायच्या, एक साहेबाची आणि एक यंत्राची. तेव्हा परंडा-भूमचे पोर अडखळले तर त्याच्या डोक्याला दोष देण्याआधी शिकवण्याच्या पद्धतीकडे बघावे.

दोष कुठे असतो? २००४ साली ऑस्ट्रेलियाचे रेमंड लिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात देशांतल्या विद्यार्थ्यांना लिहिण्याऐवजी वाचायला दिले. छोटासा तयार प्रोग्रॅम, आणि प्रश्न एवढाच की तो चालवला तर उत्तर काय येईल? पुष्कळांना तेही जमले नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आपण निबंध लिहायला सांगत होतो, असा त्याचा अर्थ. पुष्कळ ठिकाणी काय चालते ते मुलांना विचारून पाहा. फळ्यावर तयार प्रोग्रॅम लिहायचा, मुलांनी तो जर्नलात उतरायचा, सही घ्यायची आणि तोंडी परीक्षेपुरता पाठ करायचा. पी हळद अन् हो गोरी! असे गोरे झालेले आम्ही अजून पाहिले नाही.

यंत्राशिवाय पहिला धडा

आता चांगल्या पद्धतींकडे वळू. पहिली पद्धत ऐकून कोणालाही नवल वाटेल. सुरुवात संगणकाशिवाय करायची. न्यूझीलंडचे टिम बेल, माइक फेलोज आणि इयान विटन यांनी १९९० नंतरच्या दशकात असे खेळ जमवले, की ज्यांत मुले कागद, दोरी आणि चिठ्ठ्या घेऊन अंगणात संगणकाची तत्त्वे शिकतात. आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली सीएसपाठशाला हा उपक्रम सुरू केला. त्याचाही भर याच गोष्टीवर आहे: शाळेत संगणक असो वा नसो, विचार करण्याची रीत शिकवायची.

आपल्या गावात हा धडा कसा होईल? आठ मुलांच्या हातात आठ चिठ्ठ्या द्या. प्रत्येकीवर लागणीची एक तारीख. मुलांना एका ओळीत उभे करा आणि सांगा, की तोडणीच्या कार्यक्रमासाठी आधीची लागण आधी, नंतरची नंतर असे लागायचे. अट एकच. एका वेळी शेजारशेजारच्या दोघांनीच चिठ्ठ्या ताडून बघायच्या आणि गरज पडली तर जागा बदलायची. ओळ पूर्ण लागायला जास्तीत जास्त २८ वेळा ताडावे लागते. ते का, हे मुलांनाच शोधू द्या. पहिल्या फेरीत सात, दुसऱ्या फेरीत सहा, असे करीत शेवटी एक. सर्वांची बेरीज २८. मग विचारा, याहून कमी कष्टात होईल का? इथे मुले भांडायला लागली की समजा, वर्ग सुरू झाला.

दुसरा खेळ सभासद यादीचा. १६ हजार सभासदांची नावे वर्णानुक्रमाने लावलेली आहेत असे समजा. एक नाव शोधायचे. पहिल्यापासून वाचत गेलो तर सरासरी आठ हजार नावे वाचावी लागतील. पण मधले पान उघडून "आपले नाव याच्या आधी का नंतर?" असे विचारले, तर एका फटक्यात निम्मी यादी बाद होते. पुन्हा मधले, पुन्हा निम्मी. १४ वेळा बघितले की नाव सापडलेच पाहिजे. आठ हजार कुठे आणि १४ कुठे! यंत्र किती वेगवान आहे यापेक्षा रीत किती चांगली आहे याला मोल असते, हे एकदा कळले की मूल ते जन्मभर विसरत नाही.

लिथुआनियात २००४ साली सुरू झालेली बेब्रास नावाची कोड्यांची स्पर्धा आता अनेक देशांत होते. भारतात ती सीएसपाठशालेमार्फत भरते आणि तिची कोडी मराठीतूनही असतात. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या मुलालाही त्यात भाग घेता येतो. आपल्या शाळांनी हे जरूर पाहावे.

अंगणातले कासव

दुसरी पद्धत कासवाची. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, वॉली फॉइरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो नावाची संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्यात कासव आले. 'पुढे १००', 'उजवीकडे ९०' असे सांगितले की कासव पडद्यावर चालते आणि मागे रेघ उमटते. हीच युक्ती मुंबईच्या आयआयटीत मोठ्या विद्यार्थ्यांसाठी वापरली गेली. तिथले प्राध्यापक अभिराम रानडे यांनी पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगसाठी कासवाची चित्रे काढणारी साधने जोडून दिली, आणि २०१४ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकाची सुरुवातच कासवाकडून चौकोन काढण्याने होते. देशातली निवडक हुशार मुले जिथे जातात, तिथेही पहिला धडा असा सोपा, डोळ्यांना दिसणारा असतो, हे ध्यानात घ्यावे.

संगणक नसेल तर एका मुलाला कासव करा आणि अंगणात उभे करा. बाकीच्यांनी सूचना द्यायच्या. "दहा पावले पुढे चाल. उजवीकडे काटकोनात वळ." हे चार वेळा केले की चौकोन होतो. मग कोणीतरी म्हणतेच, "गुरुजी, तेच तेच चार वेळा कशाला सांगायचं? 'चार वेळा कर' म्हणलं तर?" या 'चार वेळा कर'ला इंग्रजीत लूप म्हणतात. आम्ही त्याला आवर्तन म्हणू. कालव्याचे आवर्तन ठाऊक असलेल्या मुलाला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता तीन सारख्या बाजूंचा त्रिकोण काढायला सांगा. भूमितीत कोन ६० अंशांचा, म्हणून मुले सांगतात, "६० अंश वळ." कासव चालू लागते आणि त्रिकोण काही जुळत नाही. का? कासवाला आतला कोन ठाऊक नसतो. ते सरळ चालले असते, त्या वाटेवरून किती वळायचे एवढेच त्याला कळते. म्हणून १२० अंश वळावे लागते. हे गुरुजींनी आधी सांगू नये. कासव झालेल्या मुलाच्या पायांनाच ते कळू द्यावे. चूक झाली, कारण सापडले, दुरुस्त झाली, या एका फेरीत जे शिकणे होते ते पाठांतराच्या दहा पानांत होत नाही.

आधी वाचावे, मग लिहावे

तिसरी पद्धत आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. पहिल्या दिवशी लिहायला लावू नये. तयार, छोटी रीत हातात द्यावी आणि विचारावे, उत्तर काय येईल? मुलाने आधी अंदाज सांगावा, मग यंत्रावर चालवून पाहावे, मग त्यात थोडा बदल करावा आणि शेवटी स्वतःचे लिहावे. इंग्लंडच्या सू सेन्टन्स यांनी शाळांसाठी हाच क्रम मांडला आहे.

आपल्या वजनकाट्याचेच उदाहरण घेऊ. एका सभासदाच्या तीन खेपा आल्या. भरलेली वजने १९, १८ आणि २० टन. रिकाम्या वाहनाचे वजन प्रत्येक वेळी ६ टन. रीत अशी:

१. 'एकूण' या डब्यात ० ठेव.
२. प्रत्येक खेपेसाठी पुढची तिसरी आणि चौथी ओळ कर.
३. भरलेल्या वजनातून रिकामे वजन वजा कर आणि उत्तर 'निव्वळ' या डब्यात ठेव.
४. 'एकूण' मध्ये असेल त्यात 'निव्वळ' मिळव आणि बेरीज पुन्हा 'एकूण' मध्येच ठेव.
५. खेपा संपल्या की 'एकूण' सांग.

मुलाने पाटीवर दोन रकाने आखावेत, एक 'निव्वळ'चा आणि एक 'एकूण'चा. पहिल्या खेपेनंतर १३ आणि १३. दुसरीनंतर १२ आणि २५. तिसरीनंतर १४ आणि ३९. उत्तर ३९ टन.

यात चौथी ओळ फसवी आहे. संगणकाच्या भाषेत ती 'एकूण = एकूण + निव्वळ' अशी लिहितात. बीजगणित शिकलेले मूल इथे थबकते. एखादी संख्या स्वतःपेक्षा मोठी कशी असेल? त्याचे थबकणे बरोबरच आहे. इथे '=' या खुणेचा अर्थ 'बरोबर' असा नसून 'उजवीकडचे उत्तर काढ आणि डावीकडच्या डब्यात ठेव' असा आहे. एवढी एक गोष्ट नीट न सांगितल्यामुळे किती मुले गोंधळात पडतात! चांगला शिक्षक इथे घाईने पुढे जात नाही.

आता पहिली ओळ चुकून आवर्तनाच्या आत गेली असे समजा. म्हणजे प्रत्येक खेपेला 'एकूण'चा डबा आधी रिकामा होणार. उत्तर काय येईल? पाटीवर करून पाहा: १३, मग १२, मग १४. शेवटी उत्तर १४ टन. ओळी त्याच, शब्द तेच, यंत्राने तक्रारही केली नाही, आणि ३९ टनांचा धनी १४ टनांवर आला! सभासद बंधूंनो, ही विद्या कोणाच्या पोटाशी निगडित आहे ते यावरून कळावे. १९९८ साली वारणानगरच्या परिसरातील सुमारे ७० गावांत वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्पाखाली ऊस उत्पादकांसाठी संगणक केंद्रे निघाली. आज नोंद, तोडणी, वजन आणि बिल ही कामे ठिकठिकाणी संगणकावरच होतात. त्या रिती वाचू शकणारी मुले आपल्या घरात असावीत की नसावीत?

पाटीवर असे रकाने आखणे हे काही आमचे नवे खूळ नव्हे. १९६३ साली कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० हा संगणक आला, तेव्हा प्रोग्रॅमची भोके पाडलेली कार्डे द्यायची आणि आपल्या पाळीची वाट बघायची अशी तऱ्हा होती. चूक निघाली तर पुन्हा पाळी. म्हणून विद्यार्थी आधी कागदावर दहादा तपासून बघत. टंचाईने लावलेले ते चांगले वळण होते. आजच्या मुबलकतेत ते सुटले.

आणि आता तर त्याची गरज वाढली आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. तेव्हापासून मोबाईलला नुसते सांगितले तरी तो प्रोग्रॅम लिहून देतो. मुले म्हणतात, मग शिकायचे कशाला? पण वर सांगितलेला १४ टनांचा घोटाळा त्यात असेल तर तो ओळखणार कोण? लिहून देणारा मिळाला म्हणून वाचणाऱ्याची गरज संपत नाही. ज्याला सही करायची आहे त्याला कागद वाचता आलाच पाहिजे.

विस्कटलेल्या ओळी आणि जोडीचे काम

आणखी दोन पद्धती थोडक्यात सांगतो. २००६ साली न्यूझीलंडमध्ये डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी अशी कोडी काढली, की ज्यांत बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी विस्कटून द्यायच्या आणि मुलाने त्या योग्य क्रमाने लावायच्या. वरच्या पाच ओळी पाच चिठ्ठ्यांवर लिहा, झाले कोडे. टायपिंगच्या चुका नाहीत, इंग्रजीची धास्ती नाही, सगळे लक्ष क्रमावर.

दुसरी पद्धत आपसांत बोलण्याची. शिक्षक एक प्रश्न आणि चार उत्तरे देतो. प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे. हार्वर्डचे एरिक माझूर यांनी पदार्थविज्ञानासाठी ही पद्धत रूढ केली. पुढे कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो येथील विद्यापीठात संगणकाच्या चार विषयांना ती लावली, तेव्हा नापासांचे प्रमाण सरासरी २० टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले, असे २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यासाठी लागले काय? वर्गात मुलांना बोलू देणे.

जोडीने काम करताना एक पथ्य मात्र पाळावे. एका यंत्रापाशी मुलगा आणि मुलगी बसली की कळफलक मुलाकडे आणि मुलगी नुसती बघणारी, असे होते. दर दहा-पंधरा मिनिटांनी जागा बदलण्याचा नियमच करावा. घरी मोबाईलही बहुतेक पोराच्याच हाती असतो. निदान शाळेत तरी पोरीची पाळी हुकू नये.

गोरोबाकाकांची थापटणी

आपल्या जिल्ह्यातील तेरच्या गोरोबाकाकांची कथा सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटणीने एकेकाचे डोके ठोकून पाहिले, की मडके भाजले आहे की कच्चे. नामदेवांना राग आला आणि ते कच्चे ठरले. पण पुढे काय झाले? नामदेव विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के होऊन आले. कच्चे ठरणे हा शेवट नव्हता. कच्चेपणा वेळेवर कळला, हेच भाग्याचे झाले.

चांगला शिक्षक रोज अशी थापटणी मारून बघतो. दोन मिनिटांचा प्रश्न, पाटीवरचे दोन रकाने, आणि कोण कुठे अडले ते त्याच दिवशी कळते. वाईट पद्धतीत पहिली थापटणी वर्षअखेरीच्या परीक्षेत बसते. तोवर मडके फुटलेले असते.

आपण काय करावे?

"हे सगळं शहरातल्या शाळांचं. आमच्या झेडपीच्या शाळेत काय व्हायचंय?" असे कोणी म्हणेल. त्यांनी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्याच्या परितेवाडीकडे पाहावे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याची युक्ती चालवली आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात प्रोग्रॅमिंगचे उपक्रम घ्यावेत असे म्हटले आहे. १९८४-८५ साली केंद्र सरकारने क्लास नावाचा प्रकल्प काढून सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो संगणक देण्यापासून सुरुवात केली होती. त्यानंतरच्या इतक्या वर्षांत शाळांना यंत्रे मिळत गेली, पण यंत्र पोचले म्हणजे शिक्षण पोचले असे होत नाही. कपाटात कुलूपबंद पडलेले संगणक आपण सर्वांनी पाहिले आहेत. यंत्राआधी शिक्षकाची तयारी झाली पाहिजे.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. एक, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळेत व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात पालक बहुसंख्य असतात. आपले अनेक सभासद त्यात आहेत. त्यांनी आठवड्याला एक तास चिठ्ठ्यांच्या आणि कासवाच्या खेळांसाठी मागावा. त्याला विजेचाही खर्च नाही. दोन, आपल्या जिल्ह्यातून तोडणीला जाणाऱ्या आणि आपल्याकडे येणाऱ्या मजुरांची मुले निम्मे वर्ष शाळेबाहेर असतात. हे खेळ कोपीपुढच्या मोकळ्या जागेत आणि साखरशाळेतही होतील. ज्या विद्येला पहिल्या पायरीवर यंत्र लागत नाही, तिच्यातून ही लेकरे तरी का वगळावीत? तीन, हंगाम संपल्यावर शाळांच्या मुलांना वजनकाटा आणि ऊस नोंदीचे काम दाखवावे, ही विनंती आम्ही संचालक मंडळाला या अंकातून करीत आहोत.

कॉलेजातील मुलांसाठी एक सोय सांगून ठेवतो. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात निरनिराळ्या संगणकभाषांचे छोटे छोटे पाठ मराठी आवाजातही फुकट मिळतात. ऐकत ऐकत स्वतः करून बघायचे, अशी त्यांची पद्धत आहे. इंग्रजी शेवटी लागणारच, त्यापासून सुटका नाही. पण आधी रीत आपल्या भाषेत समजली, तर नंतर इंग्रजी शब्द नुसते नाव म्हणून शिकावे लागतात.

आणि प्रवेश घेण्याआधी क्लासच्या किंवा कॉलेजच्या मास्तरांना हे पाच प्रश्न जरूर विचारावेत:

१. पहिल्या आठवड्यात मुले काय करतात? नुसते उतरून घेतात की काही घडवतात?
२. लिहायला लावण्याआधी तयार प्रोग्रॅम वाचायला आणि कागदावर चालवून बघायला शिकवता का?
३. मूल चुकले तर चूक तुम्ही दुरुस्त करून देता, की त्याला शोधू देता?
४. कोण मागे पडले हे तुम्हाला किती दिवसांत कळते, आणि मग काय करता?
५. अडलेली गोष्ट मराठीतून विचारली तर चालते का?

उत्तर देताना मास्तर मोकळेपणाने बोलू लागले, वर्ग दाखवायला उठले, तर जागा बरी समजावी. "ते आमच्यावर सोडा, नोकरीची ग्यारंटी आहे," असे म्हणाले, तर पावती फाडण्याआधी आणखी चार ठिकाणी चौकशी करावी. मागच्या वर्षी तिथे शिकलेल्या एखाद्या मुलालाही गाठावे, त्याच्या हाती वरच्या पाच ओळी द्याव्यात आणि पहिली ओळ आत गेली तर काय होईल ते विचारावे. त्याने पाटी-पेन्सिल मागितली, तर तिथले शिकवणे चांगले आहे असे खुशाल समजा.

संपादक मंडळ